कामाचा रकाना

आठव्या फर्म्याच्या घडीतून सुईचं टोक बाहेर आलं, तसा थोरल्याने उजवा खांदा पुढे काढला. पाठीवरचा पट्टा ताणला गेला, पट्ट्याला जोडलेली तार ताणली गेली आणि कोपराखाली बसवलेला लोखंडी आकडा चोचीसारखा उघडला. त्याने सुई आकड्यात घेतली आणि खांदा सैल सोडला. रबराच्या कड्यांनी आकडा आपोआप मिटला. मग श्वास धरून त्याने दोरा ओढला. फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले कागद, एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायचे, त्याला जुजबंदी म्हणतात, आणि जुजबंदीचं सगळं कसब या ओढण्यात असतं. जास्त ओढलं तर कागद चिरतो. कमी ओढलं तर पुस्तक वर्षभरात पानं गाळायला लागतं.

शेवटची गाठ त्याने दातांनी आवळली.

"दात नियमात बसत नाहीत हं," साचेवाल्या बाई म्हणाल्या.

"दोन हात होते तेव्हाही दातांनीच आवळायचो."

"मग जाऊ दे."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. मधलं एकच पान चिमटीत धरलं आणि अख्खं पुस्तक उलटं लटकवून दोनदा झटकलं. कुठल्याशा खात्याच्या जुन्या अहवालाचे रद्दीतून आणलेले फर्मे होते ते. छापले तेव्हाही कोणी वाचले नसतील. पण पान जागचं हललं नाही.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "दुकानातलं वाटतंय."

थोरला हसला. आठ महिन्यांत तो फार वेळा हसला नव्हता, त्यामुळे ते जरा वाकडंच झालं.

कृत्रिम हातांच्या या केंद्रात तो सहा आठवडे रोज येत होता. पहिल्या आठवड्यात त्याने तीन सुया मोडल्या आणि चौथी स्वतःच्याच मांडीत खुपसली. दुसऱ्या आठवड्यात दोरा ओवता यायला लागला, तोही दहातून एकदा. समोरच्या फळीवर नळ, कड्या, कुलपं, बटणं खिळ्यांनी ठोकून ठेवलेली होती. बाकीचे लोक ती उघडझाप करत बसत. थोरल्याने कुलपाला हात लावला नाही. त्याला कुलपं उघडायची नव्हती. तो घरून सुई, दोरा आणि मेण घेऊन यायचा आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी शिवत बसायचा. संध्याकाळी घरी गेला की बायको विचारायची, "आज किती?" तो म्हणायचा, "दोन फर्मे." पुढे तीन झाले, मग पाच. ती "अरे वा" म्हणायची आणि ताट वाढायची.

"तुमचा फॉर्म आणते," बाई म्हणाल्या. "आज तुमचा हात न्यायचा दिवस ना?"

सरकारी योजनेतून पाच वर्षांत एक हात मिळायचा. काम करणारा आकडा किंवा दिसायला हुबेहूब असा रबरी हात, दोन्हींपैकी एक. हुबेहूब हाताची बोटं हलत नसत. त्याने काही उचलता येत नसे. तो फक्त असे. हे थोरल्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि त्याच दिवशी त्याचं ठरलं होतं.

बाई फॉर्म घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा एक लांबट खोका होता.

"हे काय?"

"हात तुमचा. महिन्यापूर्वीच तयार झालाय. बघा तरी कसा झालाय ते, मेहनत घेतलीय मी."

"काहीतरी चुकतंय बाई. मी आकडा नेणार आहे."

बाईंनी चष्मा वर करून फॉर्म पाहिला, मग थोरल्याकडे पाहिलं. "इथं तर हात लिहिलंय. मला वाटलं तुम्ही हौसेनं शिवताय. आकडा आम्ही सगळ्यांनाच शिकवतो, खांद्यात ताकद यावी म्हणून. घरी काय न्यायचं ते फॉर्मवर असतं." त्यांचा आवाज खाली आला. "आणि तुमच्या धाकट्या भावानं साचा दिला की. येऊन तासभर बसला होता प्लास्टरमध्ये हात घालून. तुम्हीच पाठवलं असणार, असं धरलं मी."

यात बाईंचं चुकलं असं म्हणावं तर म्हणता येतं. उजवा हात गेलेल्या माणसाचा डावा हात साच्याला चालत नाही, अंगठा भलतीकडे येतो. म्हणून केंद्रात पूर्वीपासून घरातल्या कोणाचा तरी उजवा हात घ्यायची रीत होती. एका घरातले हात एकमेकांसारखे असतात. बोटांची लांबी, नखांची ठेवण, कातडीचा रंग, सगळं बरंचसं जुळतं. निरोप गेला की भाऊ यायचा, बहीण यायची, एकदा तर सत्तरीचा बाप आला होता. आणि आलेला माणूस ज्याच्यासाठी आलाय त्याला विचारूनच आला असणार, हे बाई धरून चालत. इतक्या वर्षांत ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

त्यांनी खोक्याचं झाकण काढलं. आत कापसावर धाकट्याचा हात होता.

थोरल्याने तो लगेच ओळखला. घरातल्या सगळ्यांची असते तशी किंचित बाहेर वळलेली करंगळी, रुंद नखं, मनगटावरची निळसर शीर. बाईंनी खरोखर मेहनत घेतली होती. बोटांच्या पेरांवरच्या वळ्यासुद्धा रंगवल्या होत्या. पण तो हात धाकट्याचा होता. धाकटा त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात पुढे असायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, फोन घ्यायचा. थोरल्याच्या हाताला तीस वर्षांच्या खळीने भेगा पाडल्या होत्या आणि तर्जनीच्या कडेला दोऱ्याने खाच पाडली होती. या हाताला काहीच झालेलं नव्हतं.

"सही कोणाची आहे?" त्याने विचारलं.

बाईंनी फॉर्म त्याच्यासमोर सरकवला. सही बायकोची होती, नीट, शाळेतल्यासारखी. संबंध: पत्नी. तारीख तो हॉस्पिटलातून घरी आला त्या आठवड्यातली. त्याच्या वर एक मोठा रकाना होता: 'या हाताने करावयाचे काम'. त्यात काही नव्हतं.

"हुबेहूब हाताला तो रकाना भरावा लागत नाही," बाई म्हणाल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, "अहो, अजून काही बिघडलेलं नाही. हात इथून गेलेला नाही. वर रेघ मारा, रकान्यात जुजबंदी लिहा, खाली सही करा आणि आकडा घेऊन जा. मी हे ठेवून देईन. पण एकदा नेलात की मग पाच वर्षं काही करता येत नाही. वर कोणी ऐकत नाही माझं."

"आलोच," थोरला म्हणाला. शिवलेलं पुस्तक त्याने आकड्यात धरलं आणि तो बाहेर गेला.

बाहेरच्या बाकावर त्याची बायको आणि धाकटा बसले होते. धाकटा आज मुद्दाम गाडी घेऊन आला होता. थोरला दिसताच तो उठला.

"बसला का दादा नीट?" असं म्हणत त्याने खाली पाहिलं. आकडा दिसला तशी त्याची नजर उचलली गेली आणि भिंतीवरच्या सूचनेवर जाऊन बसली. आठ महिने हे असंच चाललं होतं. आधी बँडेज होतं, मग नुसतं थोटं होतं, मग आकडा. धाकटा थोरल्याशी बोलताना त्याच्या डाव्या कानाशी बोलत असे.

त्याला कारण होतं. कागद कापायच्या मशीनला एक दिवा असतो. पात्याखाली हात असेल तर तो मशीन थांबवतो. दुकानात त्याला डोळा म्हणत. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तो डोळा बिघडला आणि उगाचच दर दोन मिनिटांनी मशीन थांबवायला लागला. वह्यांचे ढीग छताला लागले होते. 'चिकटपट्टी लावू या त्याला, सुट्टीत दुरुस्त करू,' असं धाकटा म्हणाला. चिकटपट्टी धाकट्याने कापून दिली आणि थोरल्याने लावली. चौथ्या दिवशी कडेला आलेला एक कागद सरळ करायला थोरल्याने हात आत घातला. त्यानंतर चिकटपट्टीबद्दल दोघांपैकी कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. थोरल्याने धाकट्याला दोष दिला नव्हता. दिला असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं.

"तू सही केलीस?" थोरल्याने बायकोला विचारलं.

ती उठली नाही. "तेव्हा तुम्हाला पेन धरता येत नव्हतं."

"आता येतं. मला विचारायचं होतंस."

"वहिनीला बोलू नकोस," धाकटा म्हणाला. "मीच म्हटलं तिला. दादा, दुकानात पुढे कोणीतरी भारदस्त माणूस पाहिजे. लोक तुला ओळखतात, मान देतात. तू नीट इस्त्रीचे कपडे घालून टेबलाशी बसायचंस, दोन शब्द बोलायचे. बास. आयुष्यभर पाठ मोडलीस आमच्यासाठी, आता आराम कर ना." हे तो अगदी मनापासून बोलत होता. "माझाच हात दिलाय दादा तुला. बाई म्हणाल्या, इतका जुळणारा हात त्यांनी पाहिला नाही."

"छान झालाय," थोरला म्हणाला. "आणि मागे जुजबंदी कोण करणार?"

धाकटा सूचना वाचायला लागला. केंद्रात थुंकू नये, असं तिथं लिहिलं होतं.

"सध्या कोण करतंय?"

"दादा, गमिंगचं मशीन घेतलं."

"कधी?"

"तू घरी आलास त्याच्या पुढच्या महिन्यात. आता सगळे तेच मागतात. डिंक लावला, दाबलं, झालं. शिवलेलं पुस्तक कोणाला कळतंय?"

थोरल्याने जे विचारलं ते फक्त बाइंडरने विचारलं असतं.

"ठेवलं कुठं?"

दुकानाची इंच न् इंच जागा त्याला पाठ होती. एका भिंतीला कटिंग मशीन, दुसऱ्या भिंतीला कागद, दारात काउंटर, मागे मोरी. गमिंग मशीन त्याने दुसऱ्यांच्या दुकानांत पाहिलं होतं, मोठ्या कपाटाएवढं असतं. ते ठेवायचं तर खिडकीखालीच ठेवावं लागतं, आणि खिडकीखाली त्याचं शिवणीचं टेबल होतं.

"टेबल विकलं?"

"छे! विकीन कसं? माळ्यावर ठेवलंय."

"अख्खं जात नाही ते माळ्यावर."

धाकट्याने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"पाय कापले?"

"पुन्हा जोडता येतील दादा. स्क्रू मारून."

भलं करणाऱ्यांवर धड रागावताही येत नाही, ही त्यांची सोय असते. थोरल्याला धाकट्यावर ओरडायचं होतं. तो बायकोकडे वळला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"रोज विचारत होतीस. आज किती फर्मे झाले म्हणून."

"मग काय करू?" ती म्हणाली. तिचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट धरलेले. "हॉस्पिटलातून आलात ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. हाक मारली तर ओ देत नव्हतात. इथं यायला लागलात आणि दोन घास खायला लागलात. रात्री झोपायला लागलात. ते मी माझ्या तोंडानं मोडू? म्हटलं, शिकू देत. हात आला की आपोआप विसरतील."

"मी घरी शिवेन."

"कोणाचं?" तिने विचारलं. ती टोचून बोलत नव्हती, खरंच विचारत होती.

"आठ महिन्यांत दोनच जण आले दादा, शिवून द्या म्हणत," धाकटा म्हणाला. "मी त्यांना परत पाठवलं."

"का?"

"शिवणार कोण, म्हणून."

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं. तो पुन्हा भिंतीकडे वळला.

बायको उठून थोरल्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुमची बटणं लावायचा मला कंटाळा नाही. जन्मभर लावीन. पण तो आकडा समोर आला की मला ते मशीन दिसतं हो. तुम्ही त्यानं पाण्याचा पेला उचललात तरी मी दुसरीकडे बघते. मी कधी बोलले नाही. आज बोलते. मला ते पाच वर्षं बघवणार नाही."

इतकं सरळ ती कधीच बोलली नव्हती. थोरल्याने पुस्तक तिच्यासमोर धरलं.

"एक पान धर आणि ओढून बघ."

तिने पुस्तक घेतलं. ओढलं नाही. पुठ्ठा न लावलेल्या पाठीवरून, शिवणीवरून, तिने हलकेच बोटं फिरवली.

"छान झालंय," ती म्हणाली. रोज संध्याकाळी 'अरे वा' म्हणायची अगदी त्याच आवाजात.

थोरल्याने पुस्तक परत घेतलं आणि तो आत गेला.

बाईंनी पेन तयार ठेवलं होतं. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू आलं असणार, कारण मधला दरवाजा पातळ फळीचा होता, पण त्या प्लास्टर खरवडण्यात फार गुंतल्यासारखं दाखवत होत्या. थोरला टेबलाशी बसला. खांदा पुढे काढून त्याने आकडा उघडला, पेन धरलं. बायकोच्या अक्षरावर रेघ मारायची ती नंतर मारू, आधी रकाना भरू, असं त्याने ठरवलं. 'या हाताने करावयाचे काम'. त्याने लिहायला सुरुवात केली. अक्षर वाईट येत नव्हतं. 'जु' लिहून झाला.

मग तो थांबला. गावात जुजबंदी करणारे आणखी दोघं होते. एकाने दुकान बंद करून जागा औषधवाल्याला दिली होती, दुसऱ्याच्या दारात वर्षापूर्वीच डिंकाची पिंपं आली होती. त्याने डोळ्यांसमोर गावातला एकेक रस्ता आणला, एकेक बोळ आणला. शिवणीचं टेबल कुठेच दिसेना. आणि खोटं लिहायचं त्याच्या जिवावर आलं. सरकारी कागद होता. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे कागद सरळ करून दिले होते.

"बाई, खोडलं तर चालतं?"

बाईंनी मान वर केली. हातातलं प्लास्टर खाली ठेवलं.

"चालतं," त्या म्हणाल्या. "खोडा आणि खाली तुमची सही करा. म्हणजे सही तुमची राहील."

त्याने 'जु' वर दोन रेघा मारल्या आणि सही केली. बायकोच्या सहीपेक्षा ती जरा मोठी आली.

पट्टा सोडायला बाईंनीच मदत केली. पाठीवरची बक्कल निघाली, खांद्यावरचा दाब गेला. सहा आठवडे तो दाब नको वाटत होता. आता खांदा उघडा पडल्यासारखा वाटला. बाईंनी थोट्याला पावडर लावली आणि हात चढवला. तो सहज बसला. त्यांनी मनगट थोडं वळवलं, बोटं मांडीवर आपसूक पडतील तशी ठेवली आणि मागे सरून पाहिलं. आपल्या कामाकडे पाहताना माणूस जसं पाहतो, तसं पाहिलं. मग त्यांना त्याची लाज वाटली असावी.

"साबणाच्या पाण्यानं पुसायचा," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. "उन्हात ठेवायचा नाही. शाईला जपा, पेनाच्या, छापखान्याच्या, कुठल्याही. एकदा डाग पडला की निघत नाही."

"बरं."

"पुस्तक राहू दे का इथं? नवीन लोक येतात, काही होत नाही म्हणून रडत बसतात. त्यांना दाखवायला होईल."

"राहू दे."

"नाव घालते तुमचं."

"नको," थोरला म्हणाला. "शिवणाऱ्याचं नाव नसतं पुस्तकावर."

बाहेर आला तेव्हा धाकटा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट, समोरून बघू शकला. त्याच्या चेहऱ्यावरचं आठ महिन्यांचं ओझं बघता बघता उतरलं. "दादा!" एवढंच म्हणाला आणि डोळे पुसत गाडी काढायला धावला. बायकोने शर्टाची बाही हाताच्या मनगटापर्यंत ओढून बटण लावलं, थोडं मागे होऊन पाहिलं, आणि तिलाही हसू आलं. पॅसेजमधल्या लोकांपैकी कोणी वळून पाहिलं नाही. एका मुलीने तर थोरल्याला वाट विचारली.

गाडीत धाकटा पुढे बसला, ती दोघं मागे. थोरला डावीकडच्या खिडकीशी होता. गाडी रस्त्याला लागली. धाकटा बोलत सुटला होता. उद्या सुट्टी घे, परवापासून ये, खुर्ची नवीन आणलीय, गादीची. थोरला खिडकीतून दुकानांच्या पाट्या बघत होता. छापखाना, चष्मे, टायर, पुन्हा छापखाना.

बऱ्याच वेळाने त्याची नजर खाली गेली. बायकोने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. केव्हा घेतला कोण जाणे. अपघातापासून ती त्याच्या उजव्या बाजूला बसलीच नव्हती. आता ती टेकून, निवांत बसली होती आणि अंगठा त्या नखांवरून, त्या निळ्या शिरेवरून सावकाश फिरवत होती. थोरला बघत राहिला. दोन माणसं एकमेकांचे हात धरून बसलेली लांबून दिसावीत, तसं त्याला ते दिसत होतं.

आरशातून धाकट्याने पाहिलं. "कसा वाटतोय, दादा?"

उत्तर बायकोनेच दिलं. तिचा आवाज हलका झाला होता, कितीतरी दिवसांनी.

"अहो, बघा तरी. आधी कसा गार होता, आता ऊब आलीय त्याला."

"असेल," थोरला म्हणाला.